एका विकराचे वाचन : लायसोझाइम, १९६५ ते २००१

एम. ए.च्या वर्गात संरचनावाद शिकवताना आम्ही अनेक वर्षे एक उपमा वापरत आलो. चांगली कविता स्फटिकासारखी असते, तिच्यातला प्रत्येक घटक आपल्या जागी नेमका बसलेला असतो आणि ही घडण नीट पाहिली की कविता काय करते ते आपोआप कळते, असे आम्ही सांगत असू. विद्यार्थी ते वाक्य वहीत उतरवून घेत आणि उत्तरपत्रिकेतून आम्हांलाच परत करीत. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मराठीकडे वळलेल्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "सर, स्फटिकाची रचना कळली म्हणजे त्यातला रेणू काय करतो ते कळते, असे खरेच असते का? लायसोझाइमचे काय झाले ते एकदा बघा ना." आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास हाती आला तो येथे मांडत आहोत. आम्ही विज्ञानाचे अभ्यासक नाही. पण संहिता आणि अन्वयार्थ यांच्या नात्याविषयी या इतिहासाने आम्हांला जे शिकवले ते आमच्या विषयातल्या पुष्कळ ग्रंथांनी शिकवले नव्हते.

लायसोझाइम हे एक विकर आहे. विकर, म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो ते, सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया कैक पटींनी वेगवान करणारे प्रथिन. लायसोझाइम जिवाणूंच्या भोवतीची भिंत तोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते प्रथम आढळले ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील प्रयोगशाळेत, १९२१ साली, स्वतःला सर्दी झालेली असताना. नाकातल्या स्रावाच्या संपर्कात आलेल्या काही जिवाणूंची वाढ विरघळून जाते असे त्यांच्या लक्षात आले. पुढे अश्रू, लाळ आणि कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक यांतही हाच गुण सापडला. लिंबाच्या साहाय्याने सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून फ्लेमिंग अश्रू गोळा करीत. त्यांचा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन त्यांना त्यानंतर सहा वर्षांनी सापडले. त्याच्या कीर्तीपुढे लायसोझाइम झाकोळून गेले, पण विकरांच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळेच आहे.

विकर म्हणजे नेमके काय, हेच त्या काळी वादग्रस्त होते. रिखार्ड विलश्टेटर यांच्यासारखे मातब्बर जर्मन रसायनशास्त्रज्ञ विकरे प्रथिने आहेत असे मानावयास तयार नव्हते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी नऊ वर्षे खपून १९२६ साली एका शेंगवर्गीय बीपासून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. तरुणपणी शिकारीतल्या अपघातात समनर यांनी डावा हात गमावला होता, आणि ते डावखुरे होते. त्यांचे म्हणणे सर्वमान्य होण्यास बराच काळ लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९४६ साली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्फटिक मिळाला याचा अर्थ एवढाच की असंख्य रेणू एकसारखे आहेत आणि शिस्तीने रांगेत उभे राहू शकतात. ते आतून कसे आहेत हे त्यावरून कळत नव्हते.

ते कळण्याची वाट क्ष-किरणांनी उघडली. स्फटिकातून क्ष-किरण जाऊ दिले की ते विखुरतात आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिन या विकराच्या ओल्या स्फटिकाची अशी नक्षी प्रथम मिळवली. स्फटिक सुकला की नक्षी नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. परंतु नक्षीवरून रेणूपर्यंत मागे जाण्यात एक मोठी अडचण होती. प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजता येते. पण तो ठिपका घडवणाऱ्या लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे होत्या, म्हणजे त्यांची 'कला' काय होती, ही माहिती फिल्मवर उमटतच नाही. अर्धी माहिती हाती येते, अर्धी हरवते.

मराठीच्या अभ्यासकांना ही अवस्था अनोळखी वाटू नये. मूळ प्रत हरवलेली आणि हाती केवळ नंतरच्या हस्तलिखितांचे पुरावे, अशा स्थितीत संहिता सिद्ध करणे म्हणजे काय, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या रूपाने दाखवून दिले आहे. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. त्याचा पाया घालणारे वि. सी. सुकथनकर केंब्रिजला मुळात गणित शिकले होते, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३-५४ च्या सुमारास प्रथिनांच्या बाबतीत जी युक्ती यशस्वी केली तीही पाठचिकित्सेसारखीच आहे. रेणूत ठरावीक जागी पाऱ्यासारखा एखादा जड अणू बसवायचा आणि त्याच्यासह व त्याच्याविना मिळालेल्या दोन नक्ष्यांची तुलना करायची. दोन प्रतींतल्या पाठभेदावरून हरवलेल्या मूळ पाठाचा माग लागावा, तसा हरवलेल्या कलांचा माग त्या फरकावरून लागतो. या मार्गाने जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना शोधली. पण ही दोन्ही प्रथिने ऑक्सिजन वाहणारी व साठवणारी, विकरे नव्हेत. विकराची पहिली रचना मिळायची होती.

ती मिळाली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. ज्या वास्तूत फॅरडे यांनी आयुष्यभर काम केले तेथे १९५४ पासून लॉरेन्स ब्रॅग संचालक होते. त्यांच्या हाताखालील डेव्हिड फिलिप्स यांच्या गटात मूळचे अर्जेंटिनाचे रोबेर्तो पोलयाक यांनी १९६० च्या सुमारास लायसोझाइमचा प्रश्न हाती घेतला. कोंबडीच्या अंड्यातले हे प्रथिन स्वस्त होते, मिठाच्या द्रावणातून त्याचे स्फटिक सहज वाढत आणि रेणू लहान होता. १२९ अमिनो आम्लांची एकच साखळी, चार ठिकाणी गंधकाच्या दुव्यांनी सांधलेली. २२ मे १९६५ च्या 'नेचर'मध्ये तिची रचना प्रसिद्ध झाली. तिचे विभेदन २ अँगस्ट्रॉम होते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. याच अंकात फिलिप्स आणि त्यांची पंचवीस वर्षांचीही न झालेली विद्यार्थिनी लुईस जॉन्सन यांचा दुसरा निबंध होता. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक आहे. विकराला धरून बसणारे, पण सहसा तुटून न जाणारे शर्करांचे तुकडे स्फटिकात भिजवून ते नेमके कोठे बसतात, हे त्यांनी पाहिले होते. रेणूच्या एका बाजूला एक लांबट खाच होती आणि शर्करांचा तुकडा तिच्यात बसला होता.

संहिता हाती आली होती. आता अर्थ लावायचा होता. येथून पुढे फिलिप्स यांनी जे केले ते वाचताना आम्हांला वारंवार एखाद्या जाणत्या भाष्यकाराची आठवण होत राहिली. प्रत्यक्षात दिसत होत्या तीन शर्करा, खाचेच्या वरच्या अर्ध्या भागात. खालचा अर्धा भाग रिकामा होता. फिलिप्स यांनी तारांच्या प्रतिकृतीत आणखी तीन शर्करा स्वतः जोडून पाहिल्या आणि सहा जागांना ए पासून एफ पर्यंत नावे दिली. मग तर्क सुरू झाला. जिवाणूच्या भिंतीत दोन प्रकारच्या शर्करा आळीपाळीने येतात. त्यांपैकी मोठी शर्करा सी या जागी मावत नाही, म्हणून ती बी, डी आणि एफ या जागांवरच असली पाहिजे. विकर तोडते तो दुवा मोठ्या शर्करेनंतरचा असतो. म्हणजे बी-सी किंवा डी-ई, दोहोंपैकी एक. बी-सी असता तर स्फटिकात दिसलेला तुकडा तेथेच तुटून गेला असता, पण तो तर अखंड बसलेला होता. म्हणून दुवा तुटतो तो डी आणि ई यांच्यामध्ये. तेथे आजूबाजूला पाहिले तर दोन अमिनो आम्ले समोरासमोर उभी होती : ३५ व्या स्थानावरचे ग्लुटामिक आम्ल आणि ५२ व्या स्थानावरचे अॅस्पार्टिक आम्ल.

आणखी एक निरीक्षण होते. डी या जागी शर्करा सुखाने बसत नाही. शर्करेच्या कड्याचा नेहमीचा आकार, ज्याला रसायनशास्त्रात 'खुर्ची' म्हणतात, तेथे अडतो आणि कडे किंचित चपटे व्हावे लागते. या ताणामुळेच दुवा तुटण्यास मदत होते, असे फिलिप्स यांनी म्हटले. या कल्पनेलाही पूर्वपरंपरा होती. विकर आणि त्याचे भक्ष्य यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते असे एमिल फिशर १८९४ साली म्हणाले होते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३० सालच्या आपल्या ग्रंथात त्यात दुरुस्ती सुचवली, ती अशी की किल्ली अगदी तंतोतंत बसत नसावी, तिच्यावर ताण येत असावा. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांच्या तर्काला चित्ररूप पुरावा मिळू लागला तो त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांत.

फिलिप्स यांचा अन्वयार्थ असा होता. ग्लुटामिक आम्ल आपला प्रोटॉन देऊन दुवा तोडते. त्यामुळे डी शर्करेच्या एका कार्बनवर धनभार येतो आणि एक अल्पजीवी आयन तयार होतो. समोरचे ऋणभारित अॅस्पार्टिक आम्ल त्या आयनाला दुरून आधार देते, स्पर्श मात्र करीत नाही. मग पाण्याचा रेणू येतो आणि क्रिया पुरी होते. १९६६ च्या फेब्रुवारीत रॉयल सोसायटीच्या सभेत आणि त्याच वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या नोव्हेंबरच्या अंकात हे विवेचन मांडले गेले. विकर कसे काम करते याचे अणूंच्या पातळीवरचे, डोळ्यांनी पाहता येणारे हे पहिले स्पष्टीकरण होते. पुढची पस्तीस वर्षे ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले.

तथापि एक दुसरे वाचन आधीपासून अस्तित्वात होते, आणि ते करणाऱ्याने कोणताही स्फटिक पाहिलेला नव्हता. १९५३ साली डॅनियल कोशलंड यांनी एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले होते. कार्बनला जोडलेला एक गट काढून त्याच्या जागी मागील बाजूने दुसरा आला, की उरलेले गट वाऱ्याने छत्री उलटावी तसे उलटतात. काही विकरांच्या क्रियेनंतर मात्र छत्री होती तशीच सुलटी आढळते. लायसोझाइम याच गटातले. कोशलंड यांचे म्हणणे असे की छत्री सुलटी दिसते कारण ती दोनदा उलटली आहे. आधी विकर स्वतःच शर्करेला घट्ट जोडले जाते, सहसंयुज बंधाने. मग पाणी येऊन तो बंध सोडवते. या वाचनानुसार अॅस्पार्टिक आम्ल दूर उभे राहून आधार देत नाही, तर काही क्षण शर्करेचा हात प्रत्यक्ष धरते. फिलिप्स यांच्या वाचनातही सुलट्या छत्रीचा उलगडा होता. आयनाची एक बाजू विकराने झाकलेली असल्याने पाणी ज्या बाजूने तुकडा गेला त्याच बाजूने येते, असा तो होता. म्हणजे दोन्ही अन्वयार्थ ज्ञात तथ्यांशी सुसंगत होते. मग पहिल्याचाच स्वीकार का झाला?

आम्हांला वाटते, कारण चित्राचा अधिकार मोठा असतो. प्रतिकृतीत अॅस्पार्टिक आम्लाचा ऑक्सिजन आणि शर्करेचा तो कार्बन यांच्यात सुमारे ३ अँगस्ट्रॉम अंतर दिसत होते. सहसंयुज बंधाला साधारण दीड अँगस्ट्रॉम लागतो. अंतर डोळ्यांसमोर होते, आणि कोशलंड यांच्याजवळ केवळ तर्क होता. पण ज्या चित्रात ते अंतर मोजले गेले त्यातली डी शर्करा क्ष-किरणांनी दाखवलेली नव्हती, ती वाचकाने ठेवलेली होती. शिवाय ते चित्र स्थिर होते. क्रिया घडत असताना शर्करा जागची हलू शकते, ही शक्यता स्थिर चित्रात दिसण्याचे कारणच नव्हते. फिलिप्स यांनी आपले विवेचन प्रतिकृतीवर आधारलेले आहे हे लपवले नव्हते. पाठ्यपुस्तकात शिरताना मात्र अनुमानाची भाषा गळाली आणि निष्कर्ष तेवढा उरला. हे आमच्या क्षेत्रातही रोज घडते. एखाद्या समीक्षकाने 'असे वाटते' म्हणून लिहिलेले मत तिसऱ्या पिढीच्या मार्गदर्शकात 'असे आहे' होऊन बसते.

शंका हळूहळू वाढत गेल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५२ व्या स्थानावरचे आम्ल बदलून टाकले तेव्हा विकराची क्षमता सुमारे ५ टक्क्यांवर आली. ३५ व्या स्थानावरचे बदलले तेव्हा ती जवळजवळ संपलीच. दोघांचे महत्त्व सिद्ध झाले, पण दोन वाचनांतला निवाडा झाला नाही. १९९१ साली नताली स्ट्रायनाड्का आणि मायकेल जेम्स यांनी डी जागेवरची शर्करा प्रत्यक्ष स्फटिकात दाखवली, आणि ती खरोखरच ताणलेली होती. फिलिप्स यांचा तो तर्क खरा ठरला. दरम्यान व्हँकुव्हर येथील स्टीफन विदर्स यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशाच प्रकारच्या इतर विकरांत सहसंयुज बंध पकडून दाखवण्यास सुरुवात केली होती. लायसोझाइम आता अपवाद ठरू लागले होते. ज्या उदाहरणावरून नियम शिकवला जात होता तेच एकटे पडत चालले होते.

निवाडा झाला २००१ साली, डेव्हिड व्होकाड्लो, गिडियन डेव्हिस, रॉजर लेन आणि विदर्स यांच्या 'नेचर'मधील निबंधाने. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. तेच चित्र अधिक बारकाईने न्याहाळून प्रश्न सुटणारा नव्हता, कारण मधली अवस्था निमिषार्धात निघून जाते. म्हणून त्यांनी शर्करेच्या संहितेतच बदल केले. तिच्यात एके ठिकाणी असा फ्लुओरिन बसवला की क्रियेच्या दोन्ही पायऱ्या मंदावाव्यात, आणि तुटण्याच्या जागी असा फ्लुओरिन की पहिली पायरी तेवढी झटपट व्हावी. शिवाय दुसऱ्या पायरीला मदत करणारे ३५ वे आम्लही बदलले. क्रिया मध्यावर अडकली. रेणूंचे वस्तुमान अचूक मोजणाऱ्या तंत्राने विकर आणि शर्करा जोडलेली आढळली, आणि मग स्फटिकाच्या रचनेत ५२ व्या आम्लापासून शर्करेपर्यंतचा बंध स्पष्ट दिसला. शर्करेचे कडे पुन्हा सैलावून 'खुर्ची'च्या आकारात आले होते आणि तिचा कार्बन आम्लाच्या दिशेने सरकला होता. तीन अँगस्ट्रॉमचे अंतर असे मिटले होते. या प्रयोगातली शर्करा नैसर्गिक नव्हती, हा आक्षेप घेता येतो आणि घेतलाही गेला. पण सगळ्या पुराव्यांचा कल एकत्र पाहता कोशलंड यांचे जवळपास पन्नास वर्षांपूर्वीचे वाचन आता स्वीकारले गेले आहे. फिलिप्स हे पाहावयास नव्हते. १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते.

फिलिप्स चुकले, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे आम्हांला योग्य वाटत नाही. दुवा कोठे तुटतो, ३५ वे आम्ल काय करते, शर्करा ताणली जाते, आणि क्रियेच्या सर्वोच्च क्षणी तिची अवस्था आयनासारखी असते, हे त्यांचे सारे म्हणणे टिकले. बदलला तो एका पात्राचा अर्थ. दूर उभा असलेला साक्षीदार प्रत्यक्ष सहभागी निघाला. १९६५ ची संहिताही खोटी ठरली नाही. खाच तीच, आम्लेही तीच. किंबहुना तिच्यामुळेच पुढचे नेमके प्रश्न विचारता आले. ३५ आणि ५२ हे आकडे ठाऊक नसते, तर काय बदलायचे हेच कोणाला कळले नसते.

हा इतिहास आज आठवण्याचे आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेल्या प्रथिनरचनांची संख्या २० कोटींच्या वर गेली, आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल या क्षेत्रातल्या कामाला मिळाले. एका रचनेसाठी जेथे वर्षे लागत तेथे आता मिनिटे पुरतात. संहिता अशा मुबलक झाल्यावर वाचनाचे काम संपले असे वाटण्याचा संभव आहे. लायसोझाइमची संहिता तर १९६५ पासूनच उत्तम होती. तरी तिच्यातली एक जागा नीट लागायला छत्तीस वर्षे गेली, आणि ती लागली ती संहितेला नवा प्रश्न विचारल्यावर.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायला आम्हांला दोन सत्रे लागली. तोवर ती उत्तीर्ण होऊन गेली होती, म्हणून पत्राने कळवले. स्फटिकाची उपमा आम्ही वर्गातून काढून टाकलेली नाही. मात्र आता तिच्यापुढे लायसोझाइमची ही गोष्ट सांगतो, आणि कवितेची घडण फळ्यावर मांडून झाली की विद्यार्थ्यांना दोन रकाने आखावयास सांगतो : संहितेत प्रत्यक्ष दिसते ते एकात, आणि आपण तेथे आणून ठेवले ते दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्याची वही आम्ही परत करतो. त्या रकान्यावाचून अर्थ लागत नाही, फिलिप्स यांनाही लागला नसता. पण तो वेगळा लिहून ठेवला, तर पुढे येणाऱ्या वाचकाला नेमके काय तपासून पाहायचे ते समजते.